बेचाळिसावी ओळ

रविवार, २ नोव्हेंबर

मोजून आत घेतलेलं माणूस मोजूनच बाहेर काढायचं, बाकी सगळं नंतर. काचकारखान्यातल्या माझ्या पहिल्या दिवशी आमचे फोरमन हे म्हणाले होते. त्याला वीस वर्षं झाली. भट्ट्या थंड झाल्या, फोरमन गेले, फाटकाला साखळी लागली, पण ते वाक्य काही माझ्या डोक्यातून निघालं नाही. रोज पाळी सुटली की मी फाटकाशी उभी राहून डोकी मोजायचे. सुरक्षा विभागाचं कामच ते. आज सामान उतरवतानाही टेम्पोवाल्याला तीनदा खोकी मोजायला लावली. चौदा चढवली, चौदा उतरली. तो म्हणाला, ताई, तुमच्या खोक्यांना काय पाय फुटतात का वाटेत?

तर नवं गाव, नव्या दोन खोल्या. खाली शिंपीकाकांचं दुकान आहे, दिवसभर मशीनची खडखड. मला आवाजाची सवय. शांततेतच मला झोप लागत नाही. उद्यापासून मी माध्यमिक शाळेत विज्ञानाची बाई. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. अध्यापनाच्या वर्गात माझ्या निम्म्या वयाच्या मुली होत्या. त्या आधी काकू म्हणायच्या, परीक्षा जवळ आल्यावर माझ्या वह्या हव्या झाल्या तशा ताई म्हणायला लागल्या.

लेक चौदा वर्षांची. तिचे बाबा जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून घरात आम्ही दोघीच. तिला त्याच शाळेत नववीत घातलंय आणि नववीचीच वर्गशिक्षिका म्हणून मला नेमलंय. पुस्तकांना कव्हरं घालताना ती म्हणाली, रडू आलं तर बाथरूममध्ये जाऊन रड, वर्गात नको, माझी इज्जत आहे. किती दिवसांनी आम्ही दोघी पोट धरून हसलो.

सोमवार, ३ नोव्हेंबर

शाळेची इमारत लांबलचक, दुमजली. वरच्या मजल्यावर व्हरांड्याच्या अगदी टोकाला नववीचा वर्ग. दोन्ही बाजूंना खिडक्या, भरपूर उजेड, एकवीस बाकं. दोन-दोन जण बसतात. पट एक्केचाळीस, म्हणजे एक जागा रिकामी. लेक उशिरा दाखल झाली म्हणून तिचा हजेरी क्रमांक शेवटचा, आणि बसायला शेवटचं बाक, एकटीला.

एक गंमत कळली. या शाळेत हजेरी घेत नाहीत, गैरहजेरी घेतात. बाईंनी वर्गात येऊन फक्त विचारायचं, आज कोण आलं नाही? ज्याच्या शेजारची जागा रिकामी असेल त्याने सांगायचं. तेवढ्याच नावापुढे फुली, बाकी सगळे हजर. मी म्हटलं, अशाने चूक होईल, डोकी मोजलेली बरी. टीचर्स रूममध्ये सगळ्यांनी माना वर केल्या. मग गणिताचे सर चहात बिस्किट बुडवत म्हणाले की बाई, इथे मार्क मोजायचे, मुलं मोजायची नाहीत. मुलं मोजली की नजर लागते म्हणतात. सगळे हसले. बिस्किट चहात पडलं तेव्हा जरा जास्तच हसले.

सर चांगले आहेत. पन्नाशीचे, फिरकी घेतल्याशिवाय एक वाक्य बोलत नाहीत. खडू आडवा धरला की तुटत नाही, हे त्यांनीच शिकवलं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

घनतेवरचा पहिला धडा पार आपटला. मी वीस मिनिटांत सगळं सांगून मोकळी झाले आणि पुढची पंधरा मिनिटं काय बोलावं सुचेना. मागून कुणीतरी विचारलं, बाई, संपलं? नावं अजून पाठ नाहीत, म्हणून मनातल्या मनात टोपणनावं ठेवली आहेत. मॉनिटर म्हणजे वकील. तिच्याशी वाद घालून कुणी जिंकलेलं नाही. तिसऱ्या बाकावरची शिट्टीवाली. मी फळ्याकडे वळले की हळूच पाखरासारखी शिट्टी घालते आणि मी वळून पाहिलं की वहीत डोकं. खिडकीशी जोडगोळी, एकाच पेनाने दोघं लिहितात. आणि पेन्सिल, उंचच्या उंच मुलगा, बाकात गुडघे मावत नाहीत.

दंगा फार. पण घरी येताना लेक म्हणाली, तू बरी शिकवतेस, फक्त घाबरल्यासारखी शिकवू नकोस.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आज मुलांना पहिल्यांदा प्रयोगशाळेत नेलं. खाली, मागच्या इमारतीत. तिथे आम्लाच्या बाटल्या, बर्नर. न मोजता कसं नेणार? नजर वगैरे गेलं खड्ड्यात. दारात उभी राहिले आणि एकेकाच्या डोक्यावर पट्टी टेकवत बाहेर सोडलं.

बेचाळीस.

परत आणताना मोजले. बेचाळीस. वर्गात बसल्यावर बाकांवरून मोजले, एकवीस बाकं, सगळी भरलेली. मग एकेकाला उभं करून नाव विचारलं, पटावरच्या नावावर टिचकी मारत गेले. एक्केचाळीस नावं, एक्केचाळीस मुलं. खाली बसवून मोजलं की पुन्हा बेचाळीस. आणि सगळे चेहरे ओळखीचे. मुलांना वाटलं बाईंचा काहीतरी खेळ आहे. जोडगोळी तर मुद्दाम जागा बदलायला लागली.

कारखान्यात आमचा नियम होता. डोकी आणि कागद जुळले नाहीत तर माणूस खरा, कागद खोटा. कागद सुधारायचा. कार्यालय एखादं नाव चढवायचं विसरलं असणार. मी हजेरीपटात शेवटी ४२ आकडा घातला, पट्टीने ओळ आखली, नावाची जागा कोरी सोडली. सोमवारी विचारून भरू.

सोमवार, १० नोव्हेंबर

कार्यालयात कारकून म्हणाले की नववीचा पट एक्केचाळीसच आहे. मग मी ओळ खोडायला गेले. खाडाखोड केली, सही केली. मधल्या सुट्टीनंतर पट उघडला तर ओळ तशीच, स्वच्छ, माझ्याच पट्टीने आखलेली. पुढे हजेरीचे ठिपकेही पडलेले.

दमले असेन. नवीन नोकरी, झोप कमी.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

वर्ग शांत झाला आहे. मोठ्या बाई (मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाईच म्हणतात) व्हरांड्यातून जाताना दारात थांबल्या आणि माझं कौतुक करून गेल्या. म्हणाल्या, आठ दिवसांत या वर्गाला वळण लावलंत, जादूच केलीत. मला बरं वाटलं. मग वाटलं, मी तर काहीच केलं नाही.

पटात बाराव्या क्रमांकाची ओळ कोरी आहे. वकिलाला विचारलं, तर ती म्हणाली की पहिल्यापासून कोरीच आहे. तिच्या आवाजात शंका नव्हती.

मी ही वही मागे चाळली. ५ तारखेला लिहिलंय: तिसऱ्या बाकावरची शिट्टीवाली.

कोण?

तिसऱ्या बाकावर आज दोघं बसले होते. कुणी शिट्टी घातली नाही. मला अशी कुणी मुलगी आठवत नाही. अक्षर माझं आहे.

शनिवार, १५ नोव्हेंबर

चाचणीचे पेपर तपासायला घेतले. बेचाळीस. त्यातल्या दोनांवर नाव नाही. दोन्ही पूर्ण बरोबर, आणि शब्दन्‌शब्द माझे. घनतेची व्याख्या सांगताना मी जिथे अडखळले होते, म्हणजे, म्हणजे असं दोनदा म्हणाले होते, तिथे पेपरात दोनदा म्हणजे लिहिलंय.

एक उशिरा लक्षात आलेली गोष्ट. वकिलाचं नाव पटात फिकं दिसतंय. बाकीची शाई काळीभोर, तिचीच जणू पाण्यात धुतल्यासारखी. बाराव्या ओळीचं नावही सोमवारी फिकं पडलं होतं, आणि मी स्वस्त शाई म्हणून सोडून दिलं होतं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आज कोण आलं नाही, असं विचारलं. कुणीच बोललं नाही. पूर्वी उत्तर कोण द्यायचं? मॉनिटर कोण? मुलं म्हणाली, आपल्या वर्गाला मॉनिटरच नाही.

कोऱ्या ओळी आता पाच. कोऱ्या ओळी कधीच गैरहजर नसतात.

खिडकीशी एकच मुलगा बसतो. मध्येच पेन शेजारच्या पुढे करतो, तसंच धरून राहतो, मग स्वतःच दचकून मागे घेतो. मी त्याला विचारलं, कुणाला देतोस रे? तो म्हणाला की बाई, हातालाच सवय आहे.

बुधवार, १९ नोव्हेंबर

टीचर्स रूममध्ये कुणी नव्हतं. गणिताच्या सरांपुढे पट ठेवला. त्यांनी कोऱ्या ओळींवरून बोट फिरवलं आणि पहिल्यांदाच फिरकी घेतली नाही. एवढंच विचारलं, मोजलंत?

मी हो म्हटलं.

ते बराच वेळ खडूने माखलेली बोटं पुसत राहिले. मग म्हणाले की आठ वर्षांपूर्वी कुणीतरी सहलीला जाताना मोजलं होतं. कोणी, ते आठवत नाही, कदाचित मीच. तेव्हा त्यांनी काही गोष्टी कागदावर लिहून ठेवल्या होत्या, तो कागद पाकिटात घेऊन फिरतात. त्यावर एवढंच: ते मोजेपर्यंत कुणीच नसतं. आकडा दिला की त्याला जागा मिळते. नावाची जागा कोरी राहिली की ते नावं घेत सुटतं. त्याच वर्गातल्या जित्या माणसाने स्वतःच्या हाताने शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं तर थांबतं.

मी विचारलं, तेव्हा कुणी लिहिलं? ते म्हणाले की कुणीतरी लिहिलं असणार बाई, थांबलं म्हणजे लिहिलंच असणार. पण कोण, ते या शाळेत कुणालाच सांगता येत नाही.

मग हसायचा प्रयत्न करत म्हणाले, आमच्या माळ्यावर मुलाचे शाळेचे बूट आहेत. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचे असतील. बायको म्हणते, आपल्याला मूलच नाही, टाकून द्या. आठ वर्षं झाली, दर वेळी माळा आवरताना म्हणते. माझ्याच्याने टाकवत नाहीत.

गेलेले परत येतात का, हे मी विचारलं नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

घरी येताना लेक खुशीत होती. म्हणाली, मला आता शेजारी आहे. नवी नाही गं, होतीच ती. फार बोलत नाही, पण माझं सगळं ऐकून घेते. आपल्या घराबद्दल विचारते. तुझ्याबद्दल पण. तू झोपेत काय बोलतेस ते मी तिला सांगितलं, ती हसली.

मी विचारलं, दिसायला कशी आहे? लेक बोलायला लागली आणि मध्येच थांबली. मग चिडून म्हणाली, कशी म्हणजे काय, मुलीसारखी आहे. तुझं आपलं काहीतरीच.

पट घरी आणला आहे. पान उघडायला हात होत नव्हता. उघडलं.

एक्केचाळिसावं नाव फिकं आहे.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

तिला शाळेत पाठवलं नाही. ताप आहे म्हणून सांग, म्हटलं. ती म्हणाली, मला ताप नाही, तुलाच आलाय.

वर्गात विचारलं, आज कोण आलं नाही? मुलं म्हणाली, सगळे आहेत. शेवटच्या बाकावर दोन जणी बसल्या होत्या. मी तिकडे पुन्हा पाहिलं नाही. पाहू शकले नाही. संपूर्ण तास फळ्याकडे तोंड करून शिकवलं.

घरी आले तर शिंपीकाकांनी दुकानातूनच विचारलं की बाई, तुम्ही तर एकट्या राहता, मग वरती दिवसभर पावलं कुणाची वाजत होती? चोरबिर नाही ना?

ती वरच होती. काकांनी परवाच तिच्या गणवेशाची बाही आत घेऊन दिली होती.

पट फाडला. चुलीत घालावा तसा गॅसवर धरून जाळला. राख सिंकमध्ये.

शनिवार, २२ नोव्हेंबर

पट वर्गातल्या टेबलावर होता. जसाच्या तसा.

बेचाळिसाव्या ओळीत तिच्या बाबांचं नाव लिहून पाहिलं. मेलेल्याचं चालत नाही. मधल्या सुट्टीपर्यंत कोरं.

घरी ठेवलं तर लवकर फिकी होते. म्हणून तिला बरोबरच नेलं. सगळा वेळ तिचं मनगट धरून ठेवलं होतं. ती लाजेने लाल झाली होती, मुलं हसत होती. हसणारी थोडीच उरली आहेत. बाकीची नुसती ऐकतात.

सोमवार, २४ नोव्हेंबर

सकाळी एकच डबा भरला.

झाकण लावलं, पिशवीत ठेवला, चपला घातल्या. मग आतून कुणीतरी म्हणालं, माझा? मी वळले. एक मुलगी दारात उभी होती, केस विंचरत. मला— दोन-तीन श्वास, जास्त नाही— मला ती कोण ते कळलं नाही.

हातावर लिहून ठेवलंय. लेक. चौदा वर्षं. घरात दोघी.

हात धुवायचा नाही.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

धाकट्या बहिणीला फोन केला. म्हटलं, पोरीला काही वर्षं तुझ्याकडे ठेव. ती म्हणाली, काही वर्षं? डोकं फिरलं का तुझं, आणि तू कुठे चाललीस? मी सांगितलं, कामावर. उद्या दुपारी शाळा सुटायच्या वेळेला फाटकाशी येऊन उभी राहा. ती आधी भांडली, मग रडली, मग हो म्हणाली. उद्या संध्याकाळी तिला वाटेल की पोरगी अगदी लहान असल्यापासून आपल्याकडेच आहे. आई-बापाविना वाढवली म्हणून थोडं मिरवेलही. मिरवू दे.

कपडे बॅगेत भरले. पत्ता चिकटवला. तिचा हिवाळ्यातला स्वेटर वर ठेवला, पटकन सापडावा म्हणून.

सरांना सांगितलं. ते म्हणाले की गेले दोन दिवस मी पेन घेऊन तुमच्या वर्गापर्यंत येतोय, दारातून परत जातोय. मला माफ करा असं म्हणाले नाहीत. बरं झालं. त्यांची मुलगी नाही ती. माझी आहे.

बुधवार, २६ नोव्हेंबर. सकाळ

तिची वेणी घातली. चौदाव्या वर्षी कुणी आईकडून वेणी घालून घेतं का, म्हणाली. पण बसली. मी खूप वेळ लावला. ओढू नकोस, म्हणाली. नाही ओढत.

नाव जवळजवळ दिसत नाही. नुसता कागदावरचा ओरखडा.

दुपार, शेवटचा तास

लिहिलं. बेचाळिसावी ओळ. माझं नाव, माझ्या हाताने, पूर्ण.

शाई लगेच सुकली. तिचं नाव— एक्केचाळिसावं— पुन्हा काळं झालं. माझ्या डोळ्यांदेखत. काळंभोर. आता काही झालं तरी चालेल.

मी टेबलाशी उभी होते. आता शेवटच्या बाकावर बसले आहे. मध्ये काय झालं, चालत आले की— आठवत नाही. माझ्या शेजारी ती. तिची ती फार न बोलणारी शेजारीण आता नाही. ती जागा माझी.

टेबलाशी गणिताचे सर आलेत. म्हणाले, या वर्गाला सध्या विज्ञानाला कुणी नाही, तोवर मी. माझ्यावरून त्यांची नजर पुढे गेली. मग परत आली, थोडा वेळ थांबली, जणू काहीतरी आठवतंय— आणि गेली. त्यांनी विचारलं, आज कोण आलं नाही? सगळे आहेत, असं उत्तर आलं. माझा आवाजही त्यात होता.

कोऱ्या ओळींच्या जागी बसलेली मुलं वळून माझ्याकडे बघतात. नुसती बघतात. एकजण हळूच शिट्टी घालते. पाखरासारखी.

हातावरचं पुसट झालंय. लेक— पुढचं वाचता येत नाही. या वहीतलं मात्र येतंय. म्हणून लिहीत राहायचं. थांबले की जाईल.

तिची वेणी अजून नीट आहे.

तिने मघाशी माझ्याकडे पाहिलं. जागा करून दिली, दप्तर सरकवलं. अनोळखी बाईशी वागतात तसं, अदबीने. चांगलं वळण आहे. कुणी लावलं असेल—

मी. मी लावलंय. वर लिहिलंय.

पाच मिनिटं राहिली असतील. फाटकाशी मावशी आली असेल. घंटा झाली की ही सगळी उठतील, एक्केचाळीस जण, तीही उठेल. मी तिला एकच विचारणार आहे. बाळा, ही वही तुझ्या दप्तरात ठेवशील? वाचू नकोस हवं तर. नुसती ने.

ती नाही म्हणेल. माहीत आहे मला. ओळख नसलेल्या माणसाकडून काही घ्यायचं नाही, हे मीच तिला लहानपणी रस्ता ओलांडताना शिकवलं होतं, आणि ती एकदा शिकलेलं विसरत नाही. ती गोड हसून म्हणेल, नको काकू, घरी रागावतील. बरोबरच आहे तिचं. तरी विचारणार.

घंटा.

उठली. दप्तर खांद्याला— बाळा, जरा थांब, ही वही—